डावा कौल

शेणानं ताजं सारवलेलं अंगण आणि पायरीवर कुणाची तरी वाट बघत बसलेली बाई दिसली, की आजही मला रत्नागिरीचं ते प्रकरण आठवतं. नोकरीच्या वर्षांत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्या आरोपींचे चेहरेही आता नीट आठवत नाहीत. या प्रकरणात तर कुणाच्या हातात बेडीसुद्धा पडली नाही, पण त्यातली माणसं मला सोडून जायला तयार नाहीत. नाव मात्र मी कुणाचंच घेणार नाही. त्यांची मुलंबाळं, भाऊबंद अजून त्याच गावांत नांदताहेत.

इंग्रजी अमदानीची शेवटची काही वर्षं उरली होती. मी रत्नागिरी शहर ठाण्यात फौजदार होतो. माझं गाव घाटावरचं. त्यामुळे सुरुवातीला इथल्या लोकांचं बोलणं कळेना आणि माशाचा काटा काढता येईना. या दोन्ही बाबतींत मला शहाणं केलं ते माझ्या हवालदारानं. तो गडी जवळच्याच एका गावचा, पालीच्या वाटेवरचा. कामाला चोख, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. आपल्या गावच्या ग्रामदेवतेचा त्याला इतका अभिमान, की चोरीच्या जबानीतसुद्धा तो देवीची हकीकत घुसवायचा. मी त्याला म्हणायचो, ‘‘हवालदार, देवीला साक्षीदार करून समन्स काढू का?’’ तो हसायचा आणि पुढं चालू ठेवायचा.

दिल्लीच्या असेंब्लीची निवडणूक आली होती. मतं मोजक्यांनाच होती, सारा भरणाऱ्यांना आणि शिकलेल्यांना. सभांना मात्र सगळेच येत. आमच्या भागातून एक नामांकित वकील उभे होते. मोठा अभ्यासू माणूस, स्वच्छ हाताचा. कोर्टात त्यांनी मला उलटतपासणीत दोनदा घाम फोडला होता, तरी मला त्यांच्याबद्दल आदर होता. सभांमधून ते एकच मागणी करत होते, आणि ती लोकांच्या तोंडी बसली होती: ‘‘आधी माणसं, मग माल!’’

त्यामागची गोष्ट अशी. एका परक्या देशाच्या बोटींवर आपल्या किनाऱ्यावरचे बरेच लोक खलाशी म्हणून जात. अशाच एका बोटीचा बॉयलर नादुरुस्त झाला आणि आमच्याकडच्या अकरा खलाशांनी, दुरुस्ती झाल्याशिवाय आम्ही आगीपुढं उभे राहणार नाही, असं कप्तानाला सांगितलं. बोट त्या वेळी त्या देशाच्याच बंदरात होती. कप्तानानं ते बंड ठरवलं आणि अकराही जण तिथल्या तुरुंगात गेले. इकडं त्याच देशाला आपलं कापड हिंदुस्तानात स्वस्त जकातीनं आणायचं होतं. तसा व्यापारी करार होऊ घातला होता आणि तो असेंब्लीपुढं येणार होता. वकीलसाहेबांचं म्हणणं, आमची माणसं सोडल्याशिवाय जकात कमी होता कामा नये. असेंब्लीत मी हे मांडीन आणि इतर प्रांतांच्या सभासदांनाही माझ्यामागं उभं करीन. ते निवडून येणार यात शंका नव्हती, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं.

त्या सभांना पहिल्या रांगेत बंदराजवळच्या मांडवीची एक बाई बसायची. तिचा नवरा त्या अकरांत होता. भाषणातलं तिला कितीसं कळत होतं कोण जाणे, पण ‘आधी माणसं’ म्हटलं की ती मान खाली घालून डोळ्यांना पदर लावायची. बंदोबस्ताला उभा असताना मी ते पाहत असे.

अशात एके दिवशी त्या देशाच्या बोट कंपनीचा एजंट रत्नागिरीला आला. परदेशी माणूस जिल्ह्यात आला, की ठाण्यात येऊन नोंद करायचा नियम होता. हा ठाण्याच्या पायरीशी आला, वाकून बूट काढले, बाजूला नीट जोडून ठेवले आणि आत येऊन मला हात जोडून नमस्कार केला. मी चाटच पडलो. ठाण्यात बूट काढून कुणी येत नाही, गोरा साहेब तर पाय टेबलावर ठेवतो. हा बरीच वर्षं मुंबईच्या गोदीवर राहिलेला, थोडं अडखळत पण चांगलं मराठी बोलायचा. बारीक अंगाचा, मऊ आवाजाचा. म्हणाला, ‘‘जिथे माणसांचा न्याय होतो तिथे बूट कसे घालायचे?’’ मला तो माणूस आवडला, हे कबूल करायला हवं. सगळ्यांनाच आवडला.

मी रोजनामचा लिहीपर्यंत हवालदारानं त्याला चहा दिला. एजंटानं कोकणच्या देवळांची चौकशी केली. झालं, हवालदाराला एवढंच हवं होतं. आपली देवी कशी जागृत, तिला कौल कसा लावतात, हे त्यानं रंगवून सांगितलं. देवीच्या पाषाणावर डाव्या आणि उजव्या अंगाला ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बसून राहायचं. उजवीकडची पाकळी आधी गळली तर होकार, डावीकडची गळली तर नकार. ‘‘आमचे वकीलसाहेब एवढे शिकलेले,’’ हवालदार म्हणाला, ‘‘पण आमच्याच गावचे. देवीच्या कौलाबिगर पाऊल टाकत नाहीत. निवडणुकीला उभे ऱ्हायले ते पण कौल घेऊनच.’’ एजंटानं ‘‘फार सुंदर’’ म्हटलं आणि विचारलं, ‘‘कौल कोण लावतो?’’ हवालदार म्हणाला, ‘‘गुरव. बिचाऱ्याचा एकुलता पोर तुमच्याच देशाच्या तुरुंगात हाय.’’ एजंटानं मान हलवली आणि कपातला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

मी शेजारच्या टेबलावर होतो. त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नसतं. घरी आलेल्याला आपल्या देवाचं कौतुक सांगणं ही आपल्याकडची रीतच आहे.

पुढच्या आठवड्यात एजंट दोनतीनदा वकीलसाहेबांकडे जाऊन आला. काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. त्यानं त्यांच्यापुढं पैशाचं नावसुद्धा काढलं नाही. एवढंच सांगितलं, की तुमच्या भाषणांनी माझं सरकार चिडलं आहे आणि त्याचा राग तुरुंगातल्या खलाशांवर निघेल. तुम्ही गप्प राहिलात तर ते हळूच सुटतील. वकीलसाहेब पेचात पडले. बोलावं तर माणसांच्या जिवाची धास्ती, न बोलावं तर दिलेला शब्द मोडतो. अशा वेळी त्यांच्या घराण्यात जे करत आले तेच त्यांनी केलं. गावाला गेले, मानकऱ्यांना बोलावलं आणि देवीला कौल लावला: हा विषय काढू का?

डावी पाकळी गळली.

त्यानंतरच्या सभेत ‘आधी माणसं’ हे शब्द आले नाहीत. शेतसारा, बंदराचा रस्ता, शाळा यांवर ते तासभर बोलले. पहिल्या रांगेतली ती बाई शेवटपर्यंत बसून राहिली. सतरंज्या गोळा करायला लागले तेव्हा कुठं उठली.

दोन दिवसांनी ती ठाण्यात आली. हवालदार तिला बाहेरच थांबवत होता. मी तिला आत बोलावलं.

‘‘सायेब, तक्रार नाय माजी,’’ ती म्हणाली. ‘‘येक विचारूचा हाय. अकरा माणसां आत हायत. मग येकटो गुरवाचोच पोर कसो येतो?’’

‘‘कुणी सांगितलं येतो म्हणून?’’

‘‘सांगूचा कशाक व्हया? मी काल गुरवाकडं गेलंलं. कौल डावा गेला म्हणून रडूक गेलंलं. तर गुरवीण घर सारवत व्हती. नवी चटई आणलान, शिंप्याकडं सदरा टाकलान. मला बगून लपवूक गेली. मी म्हटलं, काय गो, पावणं येतायत? तर हसली. सायेब, तीन वरसांत त्या बाईला हसताना बगितलंलं नाय मी.’’ मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘तिचो पोर येतो त्याचा मला वाईट वाटत नाय हो. येऊ दे. पण माजो घोव का नाय?’’

माझ्या नोकरीत खबऱ्यांनी खूप खबरा आणल्या. पण इतकी नेमकी खबर मला पुन्हा मिळाली नाही. हवालदार दारात उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा उतरत गेला. आपण त्या चहाच्या वेळी काय काय बोललो, हे त्याला एकेक करून आठवत असावं.

निवडणुकीच्या कायद्यात एक कलम आहे. मतदाराला किंवा उमेदवाराला देवाच्या कोपाची भीती घालून त्याचं मन वळवणं हा गुन्हा. हे कलम लिहिणाऱ्या साहेबानं कोकण पाहिलं नसेल, पण आमच्या प्रकरणाला ते बरोबर लागू पडलं. अडचण एकच, गुन्हा अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. मी अर्ज केला. मॅजिस्ट्रेट वाचून म्हणाले, ‘‘देवीची तपासणी करणार आहात?’’ मी म्हटलं, ‘‘देवीची नाही साहेब, गुरवाची.’’ त्यांनी सही केली.

हवालदाराला घेऊन गावी गेलो. गुरवाचं घर देवळाच्या मागेच. अंगण खरोखरच आरशासारखं सारवलेलं होतं. गुरवीण पायरीवर बसली होती. पोलीस दिसल्यावर माणसं घाबरतात. ही उठून लगबगीनं पुढं आली आणि मलाच विचारू लागली, ‘‘बोट कदी लागते, सायेब?’’ तिला वाटलं, आम्ही पोराची वर्दी घेऊन आलो. मी काहीतरी मोघम बोललो आणि गुरवाला बरोबर घेऊन ठाण्याकडे निघालो.

गुरव साठीच्या आसपासचा, काटक माणूस. ठाण्यातलं पाणी तो पिईना, म्हणून हवालदारानं शहाळं आणलं. ते त्यानं हातात धरून ठेवलं. मी आरडाओरडा करणारा अधिकारी नव्हतो. त्यानं काम बिघडतं असा माझा अनुभव. मी एजंटाचं विचारलं, तो गप्प. कौलाचं विचारलं, म्हणाला, ‘‘देवीला इचारा.’’ पोराचं विचारलं तेव्हा मात्र त्यानं शहाळं बाकाखाली ठेवून दिलं आणि तोंड फिरवलं. जे काही आहे ते तिथंच आहे, हे मला कळलं. स्वतःला वाचवणारा माणूस खूप बोलतो, एकातून दुसरं सांगत सुटतो. दुसऱ्या कुणाला वाचवणारा माणूस तोंड मिटून बसतो आणि त्याचं तोंड कशानंच उघडत नाही. मी त्याला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी बोलावलं, तिसऱ्या दिवशी बोलावलं. तो वेळेवर यायचा, बाकावर बसायचा आणि तसाच परत जायचा.

एकदाच बोलला. ‘‘सायेब, तुमाला पोर हाय?’’

‘‘आहे.’’

‘‘मग मला काय इचारू नका.’’

एजंट तोवर मुंबईला निघून गेला होता. जाताना ठाण्यात येऊन रीतसर नोंद करून गेला. बूट बाहेर काढूनच.

मतदान आठवड्यावर आलं. तपास आहे तिथंच अडला होता. त्या दिवशी बंदरावर मुंबईची बोट लागायची होती. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे. त्या वेळी धक्क्यावर माझे शिपाई असत. एकानं धावत येऊन सांगितलं, की त्या अकरा खलाशांपैकी एक जण उतरला आहे. मी तसाच निघालो.

माणूस ओळखू येण्यासारखा राहिला नव्हता. छातीचं दुखणं लागलं, म्हणून त्याला तिथल्या सरकारनं सोडून दिलं होतं. त्याच्याभोवती बायका जमल्या होत्या आणि जी ती आपल्या माणसाचं विचारत होती. मांडवीच्या त्या बाईला तो म्हणाला, ‘‘हाय, वयनी, बरा हाय. आठवण काडतो.’’ तिनं मान खाली घालून डोळ्यांना पदर लावला. मी त्याला बाजूला घेतलं आणि गुरवाच्या पोराचं विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ‘‘त्येच्या घरी सांगितलेला नाय काय कुणी? सायेब, तो गेला. शिमग्याच्या सुमाराला. ताप डोसक्यात गेला.’’

शिमगा होऊन आठ महिने उलटले होते. मी विचारलं, ‘‘तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस?’’

‘‘मीच खांदा दिला. तुरुंगाच्या दवाखान्यात व्हतो आमी दोगे. कंपनीचा येक सायेब तिथं आलेला, मुंबईस ऱ्हायलेला. आपली भाषा बोलायचा. पोराचं नाव, गाव, बापाचं नाव सगळा लिहून घेतला त्यानं. भला माणूस, सायेब. मयताच्या खोलीत शिरताना बूट काडून भायेर ठेवलान. हात जोडून उभा ऱ्हायला. म्हणाला, फार वाईट झालं.’’

बूट काढून, हात जोडून. म्हणजे आमच्या ठाण्यात चहा पिताना, हवालदार ‘बिचाऱ्याचा पोर तुमच्या तुरुंगात’ म्हणाला तेव्हा, त्या माणसाला पक्कं माहीत होतं की तो पोर तुरुंगात नाही, जगातच नाही. त्यानं फक्त मान हलवली होती. आणि मग गावी जाऊन त्या बापाला सांगितलं होतं, की कौल डावा लाव, तुझा पोर आणून देतो.

मरणाची वर्दी देणं हे पोलिसाच्या कामातलं सगळ्यात वाईट काम. त्याला कसली तालीम नसते. मी त्या खलाशाला बरोबर घेतलं नाही. त्याला चालवतही नव्हतं. एकटाच गेलो. हवालदार येतो म्हणाला, पण रस्त्यात अर्ध्यावरूनच परत फिरला. त्याच्यानं गुरवाला तोंड दाखववेना.

गुरव देवळाच्या पडवीत फुलं निवडत बसला होता. मी शेजारी बसलो आणि सांगितलं. आडवळण घेतलं नाही. त्यानं हातातलं फूल परडीत ठेवलं. मग त्यानं विचारलं, ‘‘कदी?’’

‘‘शिमग्याच्या सुमाराला.’’

त्यानं मनाशी काहीतरी जुळवलं. एजंट आला तो दसरा झाल्यावर. तो उठला. मला वाटलं घराकडे जाईल. तो पडवीतून खाली उतरला, पायऱ्या उतरला आणि देवळाच्या आवाराबाहेर जाऊन रस्त्याकडेला उभा राहिला. त्याला सुतक लागलं होतं. त्यांच्यात मरण कितीही जुनं असो, ऐकल्या दिवसापासून दहा दिवस धरत. आता त्याला देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. तिथं उभं राहून, मी काही न विचारता, तो बोलला.

‘‘उजव्या अंगाच्या पाकळ्यांना फणसाचा चीक लावला मी. त्या गळायच्याच नवत्या. देवी काय बोलली नाय, सायेब. मी बोललो. दहा जणांची घरां बुडवली मी माज्या पोरासाटी.’’ मग देवळाकडे बघत म्हणाला, ‘‘आनी पोर तर कवाच ग्येलेला. म्हंजे मी कुणासाटी केला ह्या?’’

घरातून गुरवीण हाक मारत होती, जेवायला चला म्हणून. तो मला म्हणाला, ‘‘तिला मी सांगतो. तुमी जावा.’’ मी निघालो. वळणापर्यंत आलो तेव्हा मागून तिचा आवाज ऐकू आला. तो आवाज मी इथं लिहू शकत नाही.

पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही. पण मला त्या क्षणी कोर्टापेक्षा मतदानाची घाई होती. मतदानाआधी वकीलसाहेबांनी लोकांपुढं शब्द पुन्हा दिला, तरच तो दिल्लीत टिकणार होता. त्यांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. गुरवाबद्दल त्यांना खरंच वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी गाव जमलं. गुरव आवाराबाहेर रस्त्यात उभा राहिला आणि सगळ्या गावासमोर त्यानं पुन्हा तेच सांगितलं. कुणी त्याला शिवी दिली नाही. मांडवीची बाई चालत आली होती. सगळ्यांचे डोळे वकीलसाहेबांकडे लागले.

ते सावकाश बोलले. ‘‘पहिला कौल खोटा होता, हे सिद्ध झालं. पण याचा अर्थ देवीनं उजवा कौल दिला असा होत नाही. बोल, असं देवीनं मला अजून सांगितलेलं नाही. कौल पुन्हा लावायला हवा.’’

मानकरी म्हणाले, ‘‘गुरवाला सुतक. त्याच्या भाऊबंदांनाही. देवीला हात लावणारं गावात दुसरं कुणी नाही. दहा दिवस थांबावं लागेल.’’

‘‘मग थांबू,’’ वकीलसाहेब म्हणाले.

मतदान त्या दहा दिवसांच्या आतच होतं. मग ती बाई उभी राहिली. एवढ्या पुरुषांत ती बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

‘‘वकीलसाहेब, सुतक गुरवाला लागला. तुमच्या जिभेला कुटं लागला?’’

वकीलसाहेब मान खाली घालून म्हणाले, ‘‘बाई, देवीच्या आज्ञेबाहेर मी कधी गेलो नाही.’’ ते खोटं बोलत नव्हते. पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर मला एक गोष्ट दिसली आणि ती मी विसरलो नाही. त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. डावा कौल मिळाला त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यावरचं एक मोठं ओझं उतरलं होतं, आणि ते परत उचलायला त्यांचे हात तयार नव्हते.

ते भरपूर मतांनी निवडून आले. सुतक फिटल्यावर गुरवाच्या चुलतभावानं कौल लावला. गुरव स्वतः गाभाऱ्यात गेला नाही, पुढं कधीच गेला नाही. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी गळली. गाऱ्हाण्याला साथ देत ‘होय म्हाराजा’ म्हणताना सगळ्या गावाचा आवाज चढला. गावानं वकीलसाहेबांना दिल्लीला तार केली. करार असेंब्लीपुढं आला आणि पार पडला. वकीलसाहेब त्या दिवशी काही बोलल्याचं कानावर आलं नाही. वर्षभरानं ते मला भेटले तेव्हा म्हणाले, ‘‘फौजदार, मी एकटा बोलून काय झालं असतं?’’ माझं काम उत्तर देण्याचं नव्हतं, असं मी मनाला सांगितलं.

खटल्याचंही काही झालं नाही. एजंटाला मुंबईत पकडायची परवानगी मागितली. जिल्ह्याच्या साहेबांनी बोलावून समजावलं: मित्रराष्ट्राचा माणूस आहे, करार नुकता झाला आहे, प्रकरण पुढं नेऊ नका. आणि मुख्य आरोपी सोडायचा तर गुरवावर तरी खटला कसा भरणार? त्याचंही नाव वगळलं. एवढी एक शिक्षा गुरव मागत होता, तीही सरकारनं त्याला दिली नाही. तो मधून मधून ठाण्यात यायचा. बाकावर बसायचा. ‘‘सायेब, मला आत घाला,’’ एवढंच म्हणायचा. हवालदार त्याला शहाळं फोडून द्यायचा आणि त्याच्या शेजारी मुकाट बसायचा. एवढा बोलका माणूस, पण त्या प्रकरणानंतर देवीची हकीकत त्याच्या तोंडून मी ऐकली नाही.

बाकीचे खलाशी शिक्षा भोगून एकेक करून परत आले. मांडवीच्या बाईचा नवराही आला. पण त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. ती त्याचा हात धरून त्याला बंदरावर फिरवताना दिसायची.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं पुढच्या काळात नवे अधिकारी विचारायचे. लाच म्हणजे पैसा, असं आम्हाला शिकवलं होतं. त्या एजंटानं कुणाला एक पैसुद्धा दिली नाही. हवालदाराचा देवीवरचा अभिमान, वकीलसाहेबांची श्रद्धा आणि माणसांबद्दलची काळजी, गुरवाची पोरावरची माया, या सगळ्या चांगल्या गोष्टी. त्यानं प्रत्येकात त्या शोधल्या आणि तिथूनच तो आत शिरला. परका देश आपल्या माणसाला विकत घेईल तेव्हा आपण निदान ओळखू तरी. पण तो आपल्याच मनातलं बोलू लागला, तर त्याला कसं ओळखायचं, हे मला आजवर कळलेलं नाही. वाईट माणसाच्या मागावर जाणं सोपं असतं. पण तो एजंट मेलेल्या पोरापुढं हात जोडून उभा राहिला, ते खोटं होतं असंही मला म्हणवत नाही.

माझी बदली झाली. मोटार स्टँडवर सामान चढवत होतो, तेव्हा गुरवीण आली. त्या दिवसानंतर ती माझ्याशी बोलली नव्हती. तिच्या हातात पळसाच्या पानात बांधलेली पुडी होती. फणसपोळी होती.

‘‘उन्हाळ्यात घातलेली, त्येच्यासाटी,’’ ती म्हणाली. ‘‘कदी तरी येल म्हणून. घरात कुणाच्यान खावत नाय. तुमाला पोर हाय, ह्यांनी सांगितलान. त्येला द्या.’’

मी घाटावर घरी पोहोचल्यावर ती माझ्या मुलाला दिली. त्यानं ती आवडीनं खाल्ली, बोटं चाटली आणि आणखी आहे का म्हणून विचारलं. मी उठून बाहेर अंगणात जाऊन बसलो.